उसनी हवा

ऋजुताताई टीव्हीवर खोटं बोलत होती आणि घरातले सगळे टाळ्या वाजवत होते.

खोटंसुद्धा कसं, वरून तूप सोडून वाढलेलं. “नागपूरला मावशीकडे यायचो ना, तेव्हा उन्हाळ्यात कूलरपुढे गाद्या टाकून झोपायचो,” ताई मुलाखत घेणाऱ्याला सांगत होती. “विमानात असा गारवा का नको, हा प्रश्न मला तिथे पडला.”

सोफ्याच्या हातावर बसलेल्या हर्षदा येरपुडेला, इयत्ता दहावी, त्या क्षणी टीव्हीत हात घालून ताईची वेणी ओढावीशी वाटली. ताई पुण्याची. मावशीची मुलगी, विमानांची इंजिनिअर, दोन वर्षांपासून नागपुरातच पारवा एअरवेजच्या हँगरात नोकरीला. कूलरपुढे ती जन्मात एकदा झोपली होती आणि सकाळी उठून म्हणाली होती, “शी, केस चिकट होतात याने.”

“बघ, मावशीचं म्हणजे माझं नाव घेतलं तिनं,” आई म्हणाली आणि पुन्हा टाळ्या वाजवू लागली. शेजारी खुद्द ताईची आई, मुद्दाम पुण्याहून आलेली सुनंदामावशी, पदराने डोळे टिपत होती.

मावशीचं नाव घेतलं, कूलरचं घेतलं, गादीचंही घेतलं. हर्षदाचं तेवढं राहून गेलं.

आता हे प्रकरण कळायला आधी नागपूरचा उन्हाळा कळायला हवा. तो एव्हाना एकोणपन्नास अंशांवर जाऊन बसला होता, आणि दुपारची विमानं शहरातून उडणं जवळजवळ बंद झालं होतं. तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनालाही धाप लागते. धावपट्टी मात्र होती तेवढीच राहते, ती काही उन्हाने लांबत नाही. मग विमानाचं वजन कमी करण्यावाचून इलाज नसतो. त्यामुळे नागपुरात प्रत्येक घरात एक तरी माणूस असा होता, ज्याला दुपारच्या विमानात बसवून पुन्हा खाली उतरवलं होतं.

त्यात इंजिनामागे आणखी एक घेणेकरी. विमानात आपल्याला जी थंड हवा मिळते ती इंजिनातूनच येते. इंजिन पुढून हवा गिळतं, दाबून दाबून घट्ट करतं, आणि त्या घट्ट हवेतला थोडा वाटा इंधनाबरोबर जळण्याआधीच बाजूला काढून केबिनकडे पाठवला जातो. वैमानिक त्याला ब्लीड म्हणतात. हर्षदा उसनी हवा म्हणायची, कारण ती दिली की इंजिनाचा जोर तेवढा घटतो. ब्लीड चालू ठेवून उडायचं, तर विमानाला वजन कमी घ्यावं लागतं. बंद ठेवून उडायचं, तर टनभर जास्त घेता येतं. टनभर म्हणजे बॅगांसकट दहा-बारा माणसं.

मग बंदच का ठेवत नाहीत? थंडीत ठेवतात की. विमान वर गेलं की लगेच चालू करतात, कोणाला कळतही नाही. पण नागपुरात मे महिन्यात ब्लीड बंद ठेवलं, तर विमान रांगेत उभं असतानाच आत भट्टी पेटते. दोनदा माणसं बेशुद्ध पडल्यावर नियम आला, की तापलेल्या केबिननिशी उड्डाण करायचं नाही. शेपटीतलं छोटं इंजिन ही हवा पुरवू शकलं असतं, पण धुरापायी विमानतळांवर त्यालाही बंदी आलेली.

या कोड्याचं उत्तर हर्षदाला गच्चीवर सापडलं होतं, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलताना. नागपूरची हवा पापडासारखी कोरडी. ती ओल्या ताटीतून खेचली की पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि एकोणपन्नासची लू खोलीत पंचविशीची होऊन येते. मग विमानाच्या फरशीखाली पातळ ओल्या ताट्या का नकोत? बाहेरची हवा विजेच्या पंख्याने आत घ्यायची, ताट्यांतून केबिनमध्ये सोडायची. कूलरला खिडकी उघडी लागते, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. विमानाच्या मागच्या बाजूला हवा बाहेर सोडणारी झडप असते, ती जमिनीवर उघडीच असते; ती झाली खिडकी. उड्डाण होईपर्यंत कूलर चालवायचा, इंजिनाकडे काही मागायचं नाही. वर गेलं की वर गारच असतं सगळं.

तिने त्याचं थर्माकोलचं मॉडेल केलं, नाव ठेवलं ‘झुळूक’. शाळेच्या प्रदर्शनात त्याला उत्तेजनार्थ मिळालं. पहिलं बक्षीस नेहमीप्रमाणे ज्वालामुखीला गेलं.

त्या दिवाळीत ताईने झुळूक बघितली. चारी बाजूंनी मोबाइलवर चित्रण केलं, टाकीत बोट घालून बघितलं, हर्षदाला तासभर प्रश्न विचारले. शेवटी तिच्या गालाला चिमटा काढून म्हणाली, “गोड आहे हं. पण विमानात असलं काही चालत नसतं, बाळा.”

वर्ष उलटायच्या आत ते विमानात चालू लागलं. नाव होतं ‘ऋजुकूल’.

टीव्हीवरचा कार्यक्रम संपल्यावर हर्षदा आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली.

“आई, ते माझं आहे.”

“मला का माहीत नाही?” आई कणीक मळता मळता म्हणाली. “पण आता काय करतं? तू थर्माकोलचं केलं होतं, तिनं खऱ्या विमानात बसवलं.”

“म्हणजे चोरी मोठी केली की चोरी राहत नाही?”

“हळू बोल. मावशी हॉलमध्ये बसून राहिली. मला एकच बहीण आहे हर्षू, वाकडं नको.”

“तू टाळ्या कशाला वाजवल्या मग?”

आईने कणकेला दोन बुक्क्या जास्तच मारल्या. ताई तर आयत्या बिळावरचा नागोबा होतीच, पण त्या नागोबाला दूध पाजायला आपलीच आई बसली, हे हर्षदाला जास्त झोंबलं.

रविवारी ताई पेढे घेऊन जेवायला आली. आईने गोळाभात केला होता. मावशी आणि आई वाढत होत्या, तेवढ्यात ताईने हर्षदाकडे वाकून आवाज खाली आणला.

“रागावलीस का गं?”

“छे.”

“अगं, कल्पना काय, सगळ्यांनाच सुचतात. ती चालवून दाखवायला अक्कल लागते. तुझं मॉडेल तर गळत होतं. टाकीला खाली भोक, टपटप टपटप. त्या चित्रणावरून आमच्या टाक्या बनल्या, तर त्यांनाही तेच भोक. मी पहिलं काम काय केलं असेल, तर ते भोक बुजवलं. विमानात पाणी सांडून चालतं का?”

हर्षदाचा घास हातातच राहिला.

ते भोक तिने स्वतः पाडलं होतं, तापवलेल्या दाभणाने. कारण पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा ते एकटंच जातं, पोटातला चुना मागे ठेवून. बोअरच्या जड पाण्यावर चालणारी कूलरची ताटी महिन्याभरात पांढरी पडते, मग कडक होते, मग तिचा दगड होतो आणि पंखा नुसता बोंबलत राहतो. म्हणून शहाणी माणसं कूलरच्या टाकीला बारीक भोक ठेवतात. थेंब थेंब पाणी वाया जाऊ द्यायचं, त्याबरोबर चुनाही जातो. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. हे हर्षदाला तिच्या पहिल्या मॉडेलने शिकवलं होतं, दगड होऊन. ताईने दुसरं मॉडेल बघितलं, भोक असलेलं, आणि तिला वाटलं, पोरीचं काम कच्चं.

“ताई,” हर्षदा म्हणाली, “तुम्ही पाणी कुठलं भरता गं?”

“चाचण्या सगळ्या शुद्ध पाण्यावर केल्या. आता रोजच्या विमानात आपलं हँगरच्या बोअरचं, गाळून. का?”

गाळल्याने कचरा जातो. विरघळलेला चुना जात नाही.

हर्षदाने तोंड उघडलं. सांगायलाच उघडलं होतं, अगदी खरं. पण समोर ताई पेढ्याच्या खोक्याची फीत बोटाला गुंडाळत बसली होती, चेहऱ्यावर तेच ‘गोड आहे हं’. हर्षदाने उघडलेल्या तोंडात गोळाभाताचा घास घातला आणि सावकाश चावला.

“सहज विचारलं,” ती म्हणाली. “चांगलं केलंस भोक बुजवलंस ते.”

कच्चे आंबे अढीत घालतात तसा त्या दिवशी तिने आपला राग अढीत घातला. वर पेंढा पसरला, गोड हसण्याचा. मधूनमधून हात घालून चाचपायचं, पिकलाय का. ऋजुकूल लागलेली विमानं दुपारी भरून जाऊ लागली, वर्तमानपत्रांत ताईचे फोटो आले, आणि हर्षदा प्रत्येक फोटोकडे बघून मनात म्हणायची, चढ अजून वर चढ, पडताना मजा येईल. तिने सगळा विचार केला होता. ताट्यांचा दगड होईल, केबिन तापेल, प्रवासी शिव्या घालतील, यंत्राची छी-थू होईल. कोणाला इजा नाही, नुसती फजिती. झाकली मूठ उघडी पडेल आणि आत बोटंसुद्धा नसतील. तेव्हा ताई पळत येईल, हर्षू, असं का होतंय गं? आणि हर्षू म्हणेल, कल्पना काय, सगळ्यांनाच सुचतात.

दीड महिना गेला. दिल्लीत ताईचा सत्कार ठरला. पारवाने कर्मचाऱ्याच्या घरच्यांसाठी असतात ती तिकिटं दिली, आणि ताई, मावशी, आई, हर्षदा अशा चौघी ऐन दुपारच्या विमानाला निघाल्या.

“तुला घेऊन चाललेय बघ,” ताई म्हणाली. “शिकायला मिळेल.”

दारातल्या वजन मोजणाऱ्या फरशीवर एकेक जण उभा राहून आत गेला. विमान गच्च भरलेलं. हर्षदाला मधली खुर्ची मिळाली, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला तान्हं बाळ घेतलेली एक बाई. ताई आणि मावशी पुढच्या रांगेत.

दार लागलं आणि हर्षदाचे कान टवकारले. फरशीखालून पंखा ऐकू येत होता. चांगल्या ताटीचा पंखा घुमतो, जाड आवाजात. हा किंचाळत होता, बारीक, हवा न मिळणाऱ्या पंख्यासारखा. तिने पायाजवळच्या जाळीवर हात धरला. फुंकर मारावी एवढीच हवा, आणि तीही कोमट.

पिकला आंबा.

विमान रांगेत जाऊन उभं राहिलं. खिडक्यांवर ऊन आदळत होतं. कोणी रुमाल काढला, कोणी समोरच्या खिशातलं सूचनांचं कार्ड काढून वारा घेऊ लागलं. शेजारचं बाळ लाल होऊन रडायला लागलं.

“हाच का तो नवीन कूलर?” मागून एक दणकट आवाज आला. “याच्यापेक्षा आमची म्हैस बरी वारा घालते शेपटीनं.”

विमानात हशा पिकला. ताईची मान ताठ झाली. हर्षदाला इतका आनंद झाला, की तिने ओठ दातांखाली धरले.

“थोडा वेळ, काका,” ताई मागे वळून म्हणाली, टीव्हीवरच्या आवाजात. “काळजीचं कारण नाही. केबिन ठरावीक मर्यादेपेक्षा तापली ना, की आमचं यंत्र आपोआप इंजिनातली हवा आत सोडतं. धावपट्टीवर असलो तरी. कोणी गुदमरणार नाही.”

हर्षदाच्या ओठांवरचे दात सुटले.

आपोआप. धावपट्टीवर असलो तरी.

हे तिला माहीत नव्हतं. तिच्या झुळुकीत असलं काही नव्हतंच. हे ताईने स्वतःच्या अकलेने जोडलं होतं, आणि वेगळं बघितलं तर ते चांगलंच होतं. पण या विमानाचं वजन ब्लीड बंद धरून ठरवलं होतं. आणि विमानाचं वजन ठरवतात तेव्हा सगळं नीट चालेल असं धरत नाहीत. धावताना नेमक्या वाईट क्षणी एक इंजिन बंद पडेल असं धरतात, आणि उरलेल्या एकट्याने एवढी माणसं उचलून धावपट्टीच्या टोकापलीकडे न्यायची असतात. त्या एकट्याच्या तोंडातली हवा त्याच क्षणी यंत्राने काढून केबिनला दिली, तर?

दोन्ही इंजिनं चालली तर काही होणार नव्हतं. बहुतेक वेळा दोन्ही चालतात. आज उडू दिलं, तर दिल्लीला पोचून, सत्काराच्या मंचावर, फुलांच्या हारासकट ताईला खाली खेचता येईल. उद्याच्या पेपरात फोटोसहित. बहुतेक.

बाळाने रडणं थांबवलं होतं आणि ते तोंड उघडं टाकून पडलं होतं. त्याची आई त्याच्या मानेवर ओला रुमाल फिरवत होती.

हर्षदाने पट्टा सोडला आणि ती उभी राहिली.

“काय करून राहिली?” आईने तिचा कुर्ता ओढला. “बस खाली, तमाशा नको.”

“मॅडम, बसून घ्या, विमान चालू आहे,” हवाईसुंदरी पुढून धावत आली.

“मी बसणार नाही. कॅप्टनना एक वाक्य सांगा. वजन ब्लीड बंद धरून काढलंय आणि धावपट्टीवर ब्लीड आपोआप चालू होणार आहे. एवढंच सांगा, शब्द न बदलता.”

“लहान आहे, घाबरलीय,” ताई हसून म्हणाली. “पहिल्यांदाच बसलीय विमानात.”

हवाईसुंदरीने ताईकडे पाहिलं, हर्षदाकडे पाहिलं, आणि भिंतीवरचा फोन उचलून ते वाक्य पाठ केल्यासारखं म्हटलं.  मग विमान रांगेतून बाहेर वळलं आणि परत निघालं.

जागेवर येऊन उभं राहिल्यावर कॉकपिटचं दार उघडून कॅप्टन नसीमा देशमुख बाहेर आल्या. पन्नाशीच्या, अमरावतीच्या, कपाळावर घाम आणि आवाज मात्र फ्रिजमधला.

“वाक्य कोणाचं?”

“माझं,” हर्षदा म्हणाली.

“कसं कळलं?”

“पंखा किंचाळतोय. ताट्या भरल्यात.”

“अशक्य आहे,” ताई म्हणाली. “मॅडम, मी ऋजुता. ऋजुकूल माझंच आहे.”

“मग उघडून बघू,” कॅप्टन म्हणाल्या.

तंत्रज्ञ आला. चौथ्या रांगेजवळचा गालिचा उचलून त्याने फळी काढली. आत ताट्या होत्या, पांढऱ्याफटक, शाळेतल्या खडूसारख्या. त्याने पेचकसाने ठोकून पाहिलं. ठक् असा आवाज झाला. मग त्याने टाकीखाली विजेरी धरली.

“मॅडम, याला खाली भोक होतं वाटतं. बूच मारलंय.”

कॅप्टन ताईकडे वळल्या. “भोक कशासाठी होतं?”

“ती गळती होती,” ताई म्हणाली. “म्हणून मी...”

“गोल, मधोमध, एकाच मापाची गळती?”

ताईच्या कानामागून घामाचा ओघळ निघाला. तिने एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा पांढऱ्या ताट्यांकडे. काहीतरी जुळत होतं आणि जुळत नव्हतं, हे तिच्या कपाळावर दिसत होतं.

“तुला माहीत आहे?” कॅप्टननी हर्षदाला विचारलं.

“माहीत आहे,” हर्षदा म्हणाली. “पण यंत्र ताईचं आहे. तिनेच सांगावं.”

अख्खं विमान ताईकडे बघू लागलं. हर्षदा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, अगदी निवांत. दीड महिना मुरलेल्या त्या क्षणाचा एक थेंबसुद्धा तिला वाया घालवायचा नव्हता.

“सांगा ना मॅडम लवकर,” मागचे म्हशीवाले काका म्हणाले. “इकडं आमचं भरीत होऊन राहिलं.”

“ऋजू, सांग ना गं,” मावशी पुटपुटली.

 ताई फरशीतल्या त्या खड्ड्याकडे बघत म्हणाली, “मला नाही माहीत. तिला विचारा. यंत्र तिचं आहे.”

“ताई, मोठ्याने,” हर्षदा म्हणाली. “पंख्याचा आवाज आहे.”

“यंत्र हर्षदाचं आहे,” ताई ओरडली. “झालं?”

झालं. हर्षदाने कॅप्टनना भोकाचं, चुन्याचं, दाभणाचं सगळं एका दमात सांगितलं. कॅप्टननी मधे एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर त्या तंत्रज्ञाला म्हणाल्या, “ऋजुकूल पूर्ण बंद. आपोआपचं कनेक्शनही काढा. आज ब्लीड चालू ठेवून उडणार. वजनाची मर्यादा खाली येईल.” मग हवाईसुंदरीकडे वळून, “पोटातली मालाची खोकी काढायला सांगा. आणि कर्मचारी तिकिटं आधी उतरतात. किती आहेत?”

“चार, मॅडम.”

कॅप्टननी हर्षदाकडे पाहिलं. “बाळ, तूही.”

“मला माहितीय,” हर्षदा म्हणाली. ताई उतरणार असेल, तर तिला दिल्लीपर्यंत चालत जायलाही हरकत नव्हती.

उन्हात उभ्या असलेल्या छोट्या बसमध्ये चौघी बसल्या. खुर्च्या तव्यासारख्या. मावशी खिडकीकडे तोंड करून बसली.

“लेकीची अब्रू चव्हाट्यावर मांडली,” ती काचेला म्हणाली. “घरातली गोष्ट घरात नाही ठेवता आली.”

“घरात ठेवली होती, ताई,” आई म्हणाली. मावशी ही आईची ताई. “मीच ठेवायला लावली होती. टाळ्या पण वाजवल्या. त्या परत कशा घेतात ते मला सांग, मी घेते.”

हर्षदाने चमकून आईकडे पाहिलं. आईने तिच्याकडे न बघता पाण्याची बाटली पुढे केली. पहिल्यांदा तिला, मग बाकीच्यांना.

ऋजुताताई समोरच्या खुर्चीवर होती. ती हर्षदाकडे बघत होती, अवघड गणित सुटत आल्यासारखी.

“मी तुला भोकाचं सांगितलं होतं,” ती हळूच म्हणाली. “त्या रविवारी. तू मला पाण्याचं विचारलंस. मी बोअरचं म्हटलं. आणि तू म्हणालीस, चांगलं केलंस.”

हर्षदाने खिडकीबाहेर उभ्या विमानाकडे पाहिलं.

“तेव्हाच कळलं होतं तुला. दीड महिना रोज विमानं उडत होती, माणसं भरभरून. मी चोरी केली, मान्य. तू काय केलंस, त्याला काय म्हणतात?”

“तेव्हा मला आपोआपचं माहीत नव्हतं.”

“विचारलं असतंस तर कळलं असतं. पण तुला विचारायचं नव्हतं.”

बसमधली हवा हलत नव्हती.  याचं उत्तर हर्षदाकडे होतं, पण ते तिला आवडलं नाही.

ताईचा फोन वाजला. हँगरचे मुख्य अभियंता होते. ताईने फोनचा आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जाईल इतका.

“ऋजुकूल बसवलेली सगळी विमानं जमिनीवर आणतोय,” पलीकडून घाईचा आवाज आला. “डीजीसीएचे सरकारी लोकही लाइनवर आहेत. कॅप्टन देशमुख म्हणतात, मूळ यंत्र कोणा मुलीचं आहे. आहे का ती तिथे?”

ताईने फोन हर्षदासमोर धरला.

“मी हर्षदा येरपुडे,” ती म्हणाली. “यंत्र माझं आहे.” हे वाक्य तिने किती वेळा उशीला तोंड लावून म्हटलं होतं. आता ते मोठ्याने निघालं आणि छान वाटलं, अगदी पोटभर.

अभियंत्यांनी भोकाचं माप विचारलं. तिने सांगितलं. पाणी किती सोडायचं, ताट्या केव्हा बदलायच्या, सगळं सांगितलं. ते लिहून घेत होते आणि मधूनमधून तिला ‘मॅडम’ म्हणत होते.

“शेवटचा प्रश्न, मॅडम. हा दोष तुमच्या लक्षात केव्हा आला? आज विमानात बसल्यावर?”

त्यांनीच उत्तरही हातात ठेवलं होतं. नुसतं हो म्हणायचं.

फोन धरलेला ताईचा हात स्थिर होता. ती किंचित पुढे झुकली. तिच्या डोळ्यांत हर्षदाला एक ओळखीची भूक दिसली. दीड महिना तीच भूक घेऊन हर्षदा आरशासमोर वेणी घालत होती. हो म्हण, ते डोळे म्हणत होते. म्हणून तर बघ. मग बोलायची पाळी माझी.

हर्षदाला ताईला काहीही द्यायचं नव्हतं. एवढंसुद्धा नाही.

“नाही,” ती फोनमध्ये म्हणाली, आणि उतरलेल्या चेहऱ्याची मजा बघायला तिने नजर ताईवरून हलवली नाही. “दीड महिन्यापूर्वी आला. ताईने भोक बुजवल्याचं सांगितलं तेव्हाच. सूड घ्यायचा म्हणून मी मुद्दाम गप्प बसले. माझं नाव पुन्हा सांगते, लिहून घ्या.”

ताईने बोलायला उघडलेलं तोंड मिटलं. बाहेर धावपट्टीवर त्यांचं विमान, आता चार बायका आणि मालाची खोकी यांच्याविना, उसनी हवा घेऊन उठलं.